खेळाच्या पानावरचे मेजर

मेजरांनी आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नव्हती. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, तेवढ्यावरून कुणीतरी त्यांना मेजर म्हटलं आणि ते नाव चिकटलं. प्रत्यक्षात ते आमच्या इंग्रजी दैनिकाच्या खेळाच्या पानाचे संपादक. पण मुलींची मॅच असली की खरोखर मोहिमेवर निघाल्यासारखे निघायचे. प्रेक्षकांत चार आया आणि एक शिपाई एवढेच असले तरी हे पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत बसून. "आपण अर्ध्यातून उठलो तर बातमी पण अर्धीच होते, अल्वा?" असं म्हणायचे. अल्वा म्हणजे कन्नडमध्ये 'नाही का'.

मी सांगलीहून लग्न होऊन म्हैसूरला आले, जयलक्ष्मीपुरममध्ये बिऱ्हाड केलं आणि त्यांच्या हाताखाली नोकरीला लागले. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण त्यात निम्मं कन्नड. "सुम्ने लिहू नको अम्मा, बघून लिही." सुम्ने म्हणजे उगीच, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. माझ्या बातम्या वाचताना तो शब्द त्यांच्या तोंडून रोज निघायचा.

त्यांचा एक नियम होता: जो प्रश्न मुलाला विचारणार नाही, तो मुलीलाही विचारायचा नाही. एकदा एका पत्रकारानं हॉकीच्या कॅप्टन मुलीला विचारलं, घरी स्वयंपाक करतेस का? दुसऱ्या दिवशी मुलांच्या कॅप्टनसमोर मेजर गंभीर चेहऱ्यानं उभे राहिले. "घरी भात तू लावतोस की आई लावते?" सगळी खोली हसली. मेजर थांबले आणि म्हणाले, "काल मुलींच्या कॅप्टनला हेच विचारलं तेव्हा कुणी हसलं नाही."

मीही त्या दिवशी हसले होते. आपण बाई आहोत, आपल्या हातून असलं काही होणार नाही, अशी माझी खात्री होती.

मग सुमाची बातमी आली. पिरियापट्टणच्या तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्याची ही मुलगी विद्यापीठाच्या स्पर्धेत पाच हजार मीटर जिंकली होती. मी एका सहकाऱ्याला दुभाषा म्हणून घेऊन तिच्या घरी गेले. परत येऊन मोठ्या हौसेनं लेख लिहिला. त्यात तिच्या हातावरची मेंदी होती, चुलीवरची भाकरी होती, आईचे पाणावलेले डोळे होते, आणि वडील स्थळ बघताहेत हेही होतं.

मेजरांनी लेख दोनदा वाचला. चष्मा काढला.

"छान आहे. पण ही पळते कशी, ते कुठंय?"

मी तिला ते विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेजर मला घेऊन स्वतः बसनं पिरियापट्टणला आले. संध्याकाळी तंबाखूच्या शेताकडेच्या कच्च्या वाटेवर सुमा पळत होती आणि आम्ही बांधावर बसून बघत होतो. मग मेजर तिच्याशी कन्नडमध्ये बोलू लागले. ती आधी लाजत होती, नंतर हात हलवून हलवून सांगायला लागली. शेवटच्या चार फेऱ्या राहिल्या की ती पुढच्या मुलीच्या श्वासाकडे कान लावते. तो श्वास तुटायला लागला की त्याच फेरीत तिला मागं टाकायचं. आधी नाही, नंतर नाही. मेजर मराठीत सांगत होते, मी लिहून घेत होते, आणि माझे कान तापले होते. आदल्या खेपेला मी ह्याच मुलीला मेंदी कुणी काढली ते विचारलं होतं.

मी लेख नव्यानं लिहिला. पण मुख्य संपादकांनी पहिला लेख पाहिला होता, त्यांना तोच हवा होता. सोबत सुमाचा चुलीपुढचा फोटो.

"वाचकांना हेच आवडतं, मेजर."

"दुसरं दिलं कधी आपण त्यांना?" मेजर म्हणाले. "मेंदीचा लेख छापायचा असेल तर पानावरून माझं नाव काढा."

पळण्याचा लेख छापला गेला. पंधरा दिवसांत मेजरांचं नावही पानावरून गेलं. त्यांच्याकडे वाचकांची पत्रं आणि हवामान आलं. मला रडू फुटलं तर म्हणाले, "रडतेस कशाला? पावसाच्या बातमीत कुणी विचारत नाही, लग्न कधी म्हणून."

महिन्याभरानं सुमाचा फोन आला; त्याच दुभाष्या सहकाऱ्यानं तो घेऊन मला सांगितला. तिनं तो लेख कन्नडमध्ये करून वडिलांना वाचून दाखवला होता. वडिलांनी ऐकून घेतलं, मग विचारलं, "दुसरीचा श्वास ऐकत पळतेस? खरंच?" मुलगी पळते हे त्यांना माहीत होतं, पण पळताना ती काय करते हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घड्याळ घेऊन बांधावर येऊन बसले. स्थळ बघणं थांबलं. आज सुमा म्हैसूरशेजारच्या वरुणा गावाजवळ एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि अजून पळते.

मी हे मेजरांना सांगितलं तेव्हा ते पत्रांच्या गठ्ठ्यात डोकं घालून बसले होते. त्यांनी हातातलं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

पुढे संपादक बदलले, आणि मेजर आपल्या पानावर परत आले. निवृत्तीपर्यंत तिथंच होते. आता ते मुलीकडे हुबळीला असतात. नजर अधू झालीय, म्हणून दर रविवारी फोनवर पान वाचून दाखवते मी त्यांना.

गेल्या रविवारी मुलांचे आणि मुलींचे दोन्ही अंतिम सामने एकाच दिवशी झाले होते. मुलींचा सामना जास्त चुरशीचा झाला. आमच्या नव्या उपसंपादकानं तो पानावर सगळ्यात वर लावला, पूर्ण स्कोअरसकट.

"तू सांगितलंस त्याला?" मेजरांनी विचारलं.

"नाही."

"मग भांडण झालं असेल ऑफिसात?"

"नाही मेजर. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही."

पलीकडे मेजर हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, लेक पाणी घेऊन आल्याचं ऐकू आलं. पाणी पिऊन ते म्हणाले, "हं. आता स्कोअर वाच. पहिल्यापासून."

मी वाचायला लागले.