पूर्ण पन्ह्याची पट्टी

हरपळे काका कापडाच्या प्रत्येक नव्या रोलचा तुकडा तोंडावर धरून त्यातून फुंकर मारत आणि विचारत, "हे जाणार कुठं?" पिशव्यांना, असं उत्तर आलं की नुसती मान हलवत. ऑपरेशनच्या गाऊनला, असं कळलं की पुन्हा एकदा फुंकत.

वर्ध्याहून बत्तिसाव्या वर्षी मी पुण्यातल्या फुरसुंगीजवळच्या त्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागलो, तेव्हा मला काम शिकवायला काकाच होते. तिथे न विणलेलं कापड होई. प्लास्टिकचे दाणे वितळवायचे, बारीक भोकांतून त्यांचे तंतू सरकत्या पट्ट्यावर पडतात, तापलेले रूळ ते दाबतात आणि पलीकडे कापड गुंडाळलं जातं. चोवीस वर्षं हे बघूनही काकांचं कुतूहल फिटलं नव्हतं. "ताणा नाय, बाणा नाय, मग धरून कोण ठेवतंय ह्याला?" मी म्हणालो, उष्णता. "ते पुस्तकात हाय हो. मी तुम्हाला इचारतोय." त्यांच्या या प्रश्नांचा मला वैताग येई.

उमेदवारीची सहा महिन्यांची मुदत संपायला आठवडा उरला होता. कायम झालो की बायकोमुलीला पुण्यात आणायचं, असं घरी ठरलं होतं.

रोल तयार झाला की त्याची पूर्ण पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या सगळ्या रुंदीची, पट्टी कापून तीन जागचं वजन करायचं, हा नियम. मी अलीकडची अर्धीच पट्टी कापायचो आणि तिन्ही तुकडे त्यातूनच काढायचो. त्या दिवशी गाऊनचे अकरा रोल मी असेच पास केले. ट्रक भरताना काकांनी सवयीने एका रोलवर थाप मारली, मग त्याच्या पलीकडच्या टोकाला मारली आणि थांबले. "ही कड पोचट लागतीय." भोकं तुंबून त्या कडेला कापड विरळ पडलं होतं. अकराही रोल खाली उतरवले गेले.

"कुणाचं काम हे?" साहेब गरजले. काकांना ठाऊक होतं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "ज्याचं हाय तो सांगंल." मी सांगितलं. आठवड्याने कायम झालेल्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. काका माझ्यासाठी शब्द टाकतील अशी आशा होती. त्यांनी टाकला नाही, ते मला फार लागलं.

शेवटच्या दिवशी ते गेटपर्यंत आले. सांत्वन वगैरे काही नाही. "एक इचारू? पट्टी अर्धीच का कापायचा? आळशी तर तुम्ही नाय."

हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. पलीकडच्या कडेला हात नेला की चालू रूळ बाहीजवळ यायचा. आधीच्या कारखान्यात मी एकाचा हात जाताना पाहिला होता. मला भीती वाटायची आणि ती सांगायची लाज वाटायची.

"मला कधी भ्या वाटलं नाय," काका म्हणाले, "म्हणून मी कधी इचारलं नाय. चुकलंच माझं."

महिन्याने त्यांचा फोन आला. "रुळाला जाळी बसवली. साहेब नको म्हणत होते. म्हटलं, मग आजची पट्टी तुम्हीच कापून दाखवा."

"मला परत घेतील का हो?" मी विचारलं.

"नाय," काका म्हणाले. "पण तुमच्या जागी आलेला गडी पूर्ण पट्टी कापतोय."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. त्या लाइनवर माझ्यामुळे झालेलं एवढंच एक धड काम, आणि तेही काकांनी विचारलं म्हणून.