बिनऔषधाचं मलम
आज मलमाची डबी उघडली आणि कापराच्या वासासरशी लातूरचा तो दवाखाना आठवला. माझ्या कंबरदुखीला नवरा चारचौघांत 'नाटकं' म्हणायचा. मग त्याचीच कंबर धरली. दवाखान्यात कंबरदुखीच्या नव्या मलमावर संशोधन चालू होतं. त्यात त्यानं नाव घातलं, ठणठणीत झाला आणि गावभर मलमाचं कौतुक सांगत सुटला. शेवटच्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुलनेसाठी काहींना नुसतं कापराच्या वासाचं, बिनऔषधाचं मलम दिलं होतं. तुमचं तेच." किल्लारीला परतताना भरल्या जीपमध्ये शेजारणीनं विचारलं, "वैनी, दादाची कंबर कशी हाय?" मी मोठ्यानं म्हणाले, "बिनऔषधाची बरी झाली बघ. नाटकं कुणाची व्हती, ते आता त्यायलाच इचार." सगळी जीप हसली, तो बाहेरचा ऊस बघत बसला. आज माझी कंबर दुखत नव्हती. त्याला वास यावा म्हणूनच डबी उघडली.