पानखारचं तिकीट

उद्या संध्याकाळच्या बसमध्ये तपासनीस चढणार आणि क्षितिजाला बिनतिकिटाची म्हणून खाली उतरवणार, हे जयवंतीच्या मनातून काही केल्या जात नव्हतं. नुसतं उतरवून थांबले तर नशीब, पोलीस चौकीचंही नाव निघालं होतं. आणि लेकीला सातवा महिना. मेथी निवडताना जयवंतीने पानं कचऱ्यात टाकली आणि देठ टोपात ठेवले, तेव्हा तिच्या नवऱ्याने, चंद्रहासनी, टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "आज देठांची भाजी का?"

खुद्द क्षितिजाने मात्र ही बातमी फोनवर हसत हसत दिली होती. कंडक्टर संजनानेच तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं म्हणे, "ताई, उद्या चेकिंग आहे. प्लीज, एक दिवस ग्रीन क्रीकचं तिकीट काढ ना. माझी पण नोकरी आहे यार."

"मग तू काय म्हणालीस?" जयवंतीने विचारलं.

"म्हटलं, तुझं काम तू कर. मला तिकीट हवंच आहे, मी कुठे नाही म्हणते? पाणखारचं दे, लगेच घेते."

पाणखार हे क्षितिजाचं सासर. चंदनसार मागे टाकून बस खाडीच्या अंगाला वळते, त्या रस्त्याचं शेवटचं टोक. भाताची खाचरं, भात निघालं की त्याच ओलीवर वाल, मग बांध आणि बांधापलीकडे खाडी. मूठभर घरं, काही कौलारू, काही नव्या स्लॅबची. नळाला पाणी करंगळीएवढं येतं, म्हणून ज्याच्या घरी टाकी त्याच्या दारात शेजाऱ्यांचे हंडे. वारा सुटला की वीज जाते. दवाखान्याच्या खोलीला कुलूप असतं, आणि नर्सबाई आल्या तर ते कळायला आधी पोरं ओरडत गावभर फिरतात. मोबाईलची रेंज क्षितिजाच्या घरात एकाच ठिकाणी, स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथे तांदळाच्या डब्यावर फोन ठेवलेला असतो, आणि वाजला की ज्याचा हात मोकळा तो धावतो.

लग्नाच्या वेळी जयवंतीने हे सगळं बोलून दाखवलं होतं. बी.एस्सी. झालेली मुलगी, विरारच्या लॅबमध्ये नोकरी, आणि जाणार कुठे, तर जिथे फोन डब्यावर बसवावा लागतो. हरेश मुलगा चांगला, शेतीही स्वतःची, ते सगळं मान्य. पण रोजचं जगणं? क्षितिजाने शांतपणे उत्तर दिलं होतं, "तू लग्न करून इथे मनवेलपाड्याला आलीस तेव्हा आजी म्हणाली होती, पोरीला जंगलात दिली. आठवतं?" मग जयवंतीने आपलं शिक्षण लग्नपत्रिकेवर काढलं. विहीणबाई हंसाने मजकूर लिहून पाठवला होता त्यात गावाचं नाव 'पानखार' होतं. मराठी घेऊन पदवी मिळवलेल्या जयवंतीने ते 'पाणखार' केलं. पत्रिका हातात आल्यावर हंसा म्हणाली होती, "विहीनबाई, हा गाव कुठला काढलात? आमच्या पोराचं लगीन तिकडं नाय."

तेव्हा सगळे हसले होते. आता तो न आणि तो ण दोघेही बसमध्ये येऊन बसले होते.

झालं असं, की बसला तिकिटांची नवी मशीनं आली. एका संध्याकाळी क्षितिजा लॅबमधून सुटून नेहमीसारखी बसली आणि संजना मशीनची बटणं दाबत राहिली. पाणखार नावाचा स्टॉपच त्यात नव्हता. शेवटचा स्टॉप ग्रीन क्रीक, म्हणजे गावाच्या बऱ्याच अलीकडे नवीन उठलेल्या इमारतींचं गेट. डांबरही त्या गेटापर्यंत येऊन संपतं. ड्रायव्हर बळीराम वर्षानुवर्षं गावातल्या ज्या चिंचेखाली बस वळवायचा, ती चिंच त्या मशीनला ठाऊकच नव्हती.

दुसऱ्या दिवशी क्षितिजा अर्धी रजा टाकून डेपोत गेली. तिथल्या साहेबांनी तिला बसवलं, चहा पाजला आणि कारण सांगितलं. जुन्या यादीत एकाने पाणखार लिहिलं होतं, दुसऱ्या एकाने पानखार. एकच स्टॉप दोनदा आला म्हणून एक काढायला सांगितलं. काढणाऱ्याला दोन्ही जादा वाटले.

"मग एक परत घाला," क्षितिजा म्हणाली.

"कुठलं घालू? उद्या दुसरे येतील भांडायला. आधी गावाने ठरवावं. ग्रामसभेचा ठराव आणा."

"साहेब, आम्ही महानगरपालिकेत आहोत. ग्रामसभा कुठून आणू?"

साहेबांनी थोडा विचार केला. "मग अवघड आहे," ते म्हणाले. "तोवर ग्रीन क्रीकला उतरा ना. पाय मोकळे होतील. तुमच्या अवस्थेत चालणं चांगलंच."

त्या वाक्याने सगळं बिघडलं, असं जयवंतीचं मत. साहेब एवढं बोलले नसते तर क्षितिजाने अर्ज केले असते, वाट पाहिली असती. त्या संध्याकाळी ती बसमध्ये बसली आणि तिने ग्रीन क्रीकचं तिकीट घ्यायला नकार दिला. "ते तिकीट घेतलं की कागदावर मी ग्रीन क्रीकची. मग तुम्हीच म्हणणार, पुढे जायला पॅसेंजर नाही." गेट आलं, सगळे उतरले, ही उतरली नाही. बस तिला घेऊन तशीच स्टेशनला परत आली. बळीराम मागे वळून म्हणाला, "बाई, हा काय जत्रेतला पाळणा आहे का?" हरेशला मोटरसायकल घेऊन यावं लागलं.

पुढच्या संध्याकाळी भाजी विकून परतणारी हंसा रिकामी पाटी घेऊन शेजारी येऊन बसली. तिच्यामागोमाग गुडघे धरलेली भागूबाई, हंसाची नणंद.

"कुठलं देऊ, मावशी?" संजनाने विचारलं.

"पानखार."

"मशीनमध्ये नाही ना ते."

"मशीनमध्ये मी तरी कुठं हाय? तरी बसलेय कना."

"मावशी, ग्रीन क्रीक म्हण फक्त. काय जातं तुझं?"

"जीभ वलत नाय बाय," हंसा म्हणाली, आणि भागूबाईने पदर तोंडाला लावला.

तिघी उतरेनात, तेव्हा बळीरामने गिअर टाकला आणि बस कच्च्या रस्त्यावरून थेट चिंचेखाली नेली. नंतरही नेत राहिला. मग कोणीतरी तक्रार केली, की बस ठरल्या जागेच्या पुढे जाते आणि बायका फुकट बसतात. म्हणून उद्याचं चेकिंग.

जयवंतीने फोनवर लेकीला पुष्कळ समजावलं होतं. डोहाळजेवण झालं, पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच आहे. आतली खोली रिकामी केली आहे, जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून झाली आहेत. दोन आठवडे आधी आलीस तर काय बिघडलं? इथून लॅब चालत जाता येईल.

"आणि मी निघून आले की?" क्षितिजाने विचारलं. "सगळे म्हणणार, बाईला स्वतःपुरती बस हवी होती, सोय झाली, गेली. भागूआत्या त्या गुडघ्यांनी गेटपासून चालत येणार. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला कळा सुटतील, तेव्हा रिक्षावाला गेटवरूनच परत जाणार. आधी बस, आई. मग बाळंतपण."

"बाळ थांबणार आहे का तुझ्या बससाठी?"

"माझं बाळ आहे. हट्टीच असेल."

जयवंतीने चिडून फोन ठेवला होता. हा हट्ट कुठून आला, हे तिला विचारायची सोय नव्हती. क्षितिजा दुसरीत असताना वर्गात नवीन बाई आल्या होत्या. त्यांच्या हजेरीत 'शितिजा' असं लिहिलं गेलं आणि त्या तसंच पुकारायच्या. पोरगी रडत घरी आली तेव्हा जयवंतीनेच तिचे डोळे पुसून सांगितलं होतं, "चुकीच्या नावाला ओ द्यायची नाही. गप्प बसायचं." पोरगी खरंच गप्प बसली. रोज पहिल्या बाकावर बसून रोज गैरहजर लागली. शेवटी बाईंनी घरी बोलावणं धाडलं, जयवंती शाळेत गेली, आणि बाईंनी तिच्यासमोर हजेरीतलं नाव नीट केलं. तेव्हा चाळभर कौतुक तिनेच सांगितलं होतं. माझी क्षितिजा, क्ष सोडत नाही.

मेथी शिजली, जेवणं झाली. चंद्रहास म्हणाले, "एवढा जीव टांगणीला लागलाय तर फोन कर. सांग तिला, उद्या लॅबमधून सरळ इथे ये. बस गेली उडत."

"तेच करणार होते," जयवंती म्हणाली.

ती आतल्या खोलीत गेली. पलंगावर दुपट्यांची चळत होती, तिच्यावर बाळाची झबली. तिने ती उचलली, कपाटातून आपली प्रवासाची बॅग काढली आणि दुपटी तिच्यात भरली. त्यावर आपल्या साड्या, रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याचं घर. चंद्रहास दारात येऊन उभे राहिले.

"हे काय?"

"तिला इथे यायचं नसेल तर मी तिकडे जाते. उद्या संध्याकाळी. त्याच बसने."

"त्याच बसने? तुलापण चौकीत नेतील."

"नेऊ देत. पदवीधर बाईला तिकीट का देत नाही, ते तिथेच लिहून देईन."

"अगं, तिकडे रेंज नाही, पाणी नाही, रात्री डास फोडून खातात. आणि पहिलं बाळंतपण माहेरी असतं."

"आईच तिकडे गेली की तेच माहेर," जयवंती म्हणाली. "कळा सुरू झाल्या की तिला घेऊन निघायलाही कोणी हवंच. तुम्ही चार दिवस वरणभात करा. कुकरची शिट्टी कपाटात आहे."

चंद्रहास पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी बॅगेची अडकलेली चेन सोडवून दिली. मग सवयीने विचारलं, "आणि कंडक्टरने विचारलं कुठे जायचंय, तर?"

"पानखार."

"पाणखार," चंद्रहास म्हणाले. तीस वर्षं तिच्याबरोबर काढल्यावर त्यांनाही चूक ऐकवत नसे.

"पानखार," जयवंती म्हणाली. "तिथे राहणारे जे म्हणतात तेच."

तिने फोन हातात घेतला. क्षितिजाला लावला असता तर तिने नको नको म्हणून वाद घातला असता. तिने हंसाचा नंबर काढला. खाडीकडच्या त्या खिडकीत, तांदळाच्या डब्यावरचा फोन आता वाजेल आणि ज्याचा हात मोकळा तो धावत येईल. विहीणबाईंना एवढंच सांगायचं होतं, की उद्या बसमध्ये पाटीशेजारी एक जागा धरून ठेवा.