आत्याने चिकटवलेलं आभाळ

माझ्या आत्याला आयुष्यात एकच गोष्ट जमत नाही, ती म्हणजे गप्प बसून वाट बघणं. बाकी सगळं तिला जमतं, आणि नाही जमलं तरी ती ते करून मोकळी होते. मी अगदी उलट. कुणी काही सुचवलं की माझ्या तोंडून आधी ‘नाही’ बाहेर पडतं आणि विचार मागाहून येतो. त्यामुळे आत्याने कुठलंही नवं खूळ काढलं की आधी मला बोलावून घ्यायचं, असा तिचा शिरस्ता आहे. माझं ‘नाही’ ऐकल्याशिवाय तिला म्हणे हुरूप येत नाही.

एकतीस वर्षं ती घरच्या ओट्यावर केक करून विकते आहे. केकच्या कडेने क्रीमची किनार काढताना तिचा हात इतका संथ चालतो की बघणाऱ्याला जांभई यावी. किनार फिरून जिथे सुरुवातीला येऊन मिळते, तो जोड झाकायला ती तिथे पाच पाकळ्यांचं एक छोटं फूल काढते. फूल काढलं की केक पुरा झाला. डबा बंद करण्याआधी आतोबा, म्हणजे तिचे यजमान, वाकून ते फूल बघणार, “फूल आहे. निघतो,” म्हणणार आणि डबा घेऊन पोचवायला जाणार. एकतीस वर्षं हेच चाललं होतं. एकदा फूल राहिलं होतं, तेव्हा दारात गिऱ्हाईक उभं असताना आतोबांनी केक परत आत पाठवला होता.

आतोबा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. निवृत्त झाले तरी निरीक्षण काही सुटलं नाही. दीड महिन्यापूर्वी भिंतीवरचं घड्याळ सरळ टांगलंय की नाही ते बघायला स्टुलावर चढले आणि तिथून पडले. मणका मोडला. सहा आठवडे दवाखान्यात उताणं पडून राहायचं, एवढंच औषध. घड्याळ सरळच होतं.

पहिले चार आठवडे त्यांच्या फोनची आम्हाला गंमत वाटायची. “या छताला एकशे चव्वेचाळीस चौकोन आहेत. अकरावी ओळ वाकडी आहे. मी सांगितलं यांना.” सूप खारट, पंखा लंगडा, नर्सचं घड्याळ चार मिनिटं मागे. मग पाचव्या आठवड्यात एके दिवशी आत्याने विचारलं, “जेवण कसं होतं?” तर ते म्हणाले, “ठीक होतं.” दुसऱ्या दिवशीही ठीक. तिसऱ्या दिवशी तर फोनच उचलला नाही. ज्या माणसाने जन्मात कशाला ठीक म्हटलं नाही, त्याला सगळंच ठीक वाटायला लागलं, तेव्हा आत्याचे हातपाय गळाले. माझ्यासमोर ती पहिल्यांदाच रडली, आणि मला काय करावं ते सुचेना म्हणून मी तिची भांडी घासून ठेवली.

पण रडत बसणं म्हणजे एक प्रकारे वाट बघणंच, ते तिला कुठलं जमायला! ती उठली, तडक दवाखान्यात गेली आणि त्यांना म्हणाली, “शनिवारी घरी न्यायचंय तुम्हाला. अँब्युलन्स नको, तिलाही छत असतं. आपल्या गाडीतून नेते. सीट पूर्ण पाडते, तुम्ही झोपायचं आणि घरापर्यंत नुसतं आभाळ बघायचं.” आत्या छप्पन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली आणि तिने एक जुनी गाडी घेतली, ती केवळ पुढून मागेपर्यंत अख्खं काचेचं छत आहे म्हणून. आतोबांनी नजर छतावरून काढून तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, “काच पुसली आहेस का?” त्या संध्याकाळपासून सूप पुन्हा खारट झालं. डॉक्टरांनीही कंबरपट्टा बांधून, वेग वीसच्या वर न नेता जायला परवानगी दिली.

हे झालं रविवारी. मंगळवारी आत्याने केक फिरवायची लोखंडी चकती गाडीच्या छतावर ठेवली, किल्ली शोधायला, एकच मिनिट. जरा जोरात ठेवली. ‘टक्’ असा आवाज झाला आणि काचेवर या टोकापासून त्या टोकाकडे एक चीर निघाली. बुधवारी सकाळी तिला तीन फाटे फुटले होते.

“त्यांना सांगू या,” मी म्हटलं.

“सांगितलं तर काय म्हणतील माहितीये? ‘राहू दे, ठीक आहे’ म्हणतील!” आत्या कडाडली. “ते ‘ठीक आहे’ मला पुन्हा ऐकायचं नाही.”

काचवाल्याकडे काच तयार होती, पण बसवणारे हात नव्हते. त्याचं उजवं मनगट प्लास्टरमध्ये होतं आणि त्याचा माणूस गावाला गेला होता. “तीन आठवडे थांबा मावशी,” तो म्हणाला. “ही काच स्क्रूवर नसते, गोंदावर असते. घरी करायचं काम नाही.”

“गोंद कसा लावतात?” आत्याने विचारलं.

“नळीत असतो. गनमध्ये घालून, नोझलमधून, कडेने सलग धार सोडायची. कुठे जाड, कुठे बारीक नको.”

आत्या माझ्याकडे वळली. तिचे डोळे असे काही चमकत होते की मी घाईघाईने ‘नाही’ म्हणून टाकलं. बस, तिला तेवढंच हवं होतं.

गुरुवारी सकाळी काचवाला टेम्पोतून काच घेऊन इमारतीखाली हजर झाला. एक खुर्ची मागून घेतली, गळ्यात अडकवलेला हात सावरत बसला आणि म्हणाला, “मी इथे आलोच नाही असं समजा.” मग तीन तास तो एक क्षणही गप्प बसला नाही. त्याचा आवाज ऐकून तळमजल्यावरचे दंतवैद्य बाहेर आले. गुरुवारी त्यांचा दवाखाना बंद असतो आणि घरात त्यांना कुणी काही करू देत नाही. गोंद, प्रायमर, चिकटवणं हे शब्द कानावर पडताच त्यांनी बाह्या सरसावल्या. “अहो, चिकटवण्यात माझी हयात गेली!” म्हणाले आणि सगळ्यांसाठी हातमोजे घेऊन आले.

आधी जुनी काच काढायची. आम्ही सीटांवर चादरी घातल्या, आतल्या कडेच्या पट्ट्या सोडवल्या. काचवाल्याने जुन्या गोंदातून टोच्याने एक भोक पाडायला लावलं आणि त्यातून पोलादी तार ओवली. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी. एकाने गाडीच्या आत बसायचं, दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं, आणि आळीपाळीने ओढत गोंद कापत पुढे सरकायचं. आत मी, बाहेर दंतवैद्य.

“अरे, हे तर दातांत दोरा घालण्यासारखं आहे!” ते हर्षाने ओरडले, आणि त्यानंतर दर वीतभर अंतरावर गाडीला विचारू लागले, “दुखत नाही ना?”

घर्र घर्र आवाज सगळ्या आवारात घुमत होता, आणि नेमका तेव्हाच आतोबांचा फोन आला. आत्याने आम्हाला थांबा म्हणून हात केला, पण मी आतून ओढून घेतलेली तार दंतवैद्यांनी बाहेरून ओढलीच.

“कसला आवाज आहे?” आतोबांनी विचारलं.

“मिक्सर.”

“आपला मिक्सर एवढा मोठा नाही.”

“मोठी ऑर्डर आहे,” आत्या म्हणाली आणि फोन ठेवून दिला. तिला घाम फुटला होता. मला मात्र गाडीत चादरीवर बसल्या बसल्या असं काही हसू लोटलं की तारेची मूठ हातातून सुटली. मग दंतवैद्य हसू लागले, मग आत्या, आणि शेवटी ‘मी इथे नाहीच’ म्हणणारा काचवालाही.

जुनी काच उचलून बाजूला ठेवली तेव्हा गाडी उघड्या टाकलेल्या डब्यासारखी दिसायला लागली. कडेचा जुना गोंद सुरीने तासून पातळ थर तेवढा ठेवायचा होता. मग पुसणं, मग नव्या काचेच्या काळ्या काठावर प्रायमर, म्हणजे गोंद धरून ठेवणारा पातळ थर. इथे दंतवैद्यांनी सूत्रं हातात घेतली. “ओलावा नको! कुणी वाकून श्वास सोडू नका! कोण शिंकलं?” कुणीच शिंकलं नव्हतं. प्रायमर वाळायला पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं आत्याने गाडीभोवती फेऱ्या मारण्यात घालवली, कारण पुन्हा तेच, वाट बघणं.

“आता नीट ऐका,” काचवाला म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “धार सुरू केली की थांबायचं नाही. कोपऱ्यात सुरू करू नका, मागच्या सरळ कडेला करा. फिरून तिथेच या, टोक टोकावर चढवा, सपाट करा. मग दहा मिनिटांच्या आत काच बसली पाहिजे. कुठे फट राहिली तर पाणी गळेल आणि सगळं पुन्हा काढावं लागेल.” पुन्हा काढायचं म्हणजे शनिवार हुकणार, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

आत्याने गन उचलली, पदर खोचला आणि नोझल नव्या काचेच्या काठावर टेकवलं. काळी, चकचकीत, तिकोनी धार निघाली. मी श्वास रोखून धरला, अर्धा दंतवैद्यांच्या धाकाने आणि अर्धा खराच. मागची कड झाली, कोपरा वळला, लांब कड सुरू झाली. धार कुठे फुगली नाही की बारीक झाली नाही. काचवाला खुर्चीवरून उठून उभा राहिला.

“किती वर्षं करताय मावशी?”

“एकतीस.”

“काचा?”

“केक.”

धार पुरी होईपर्यंत तो काहीच बोलला नाही. तीन तासांत पहिल्यांदाच.

आत्या चारही कडा फिरून सुरुवातीच्या जागी आली. टोक टोकावर चढवलं. सपाट केलं. आणि मग तिचं मनगट आपसूक उचललं गेलं, जरा फिरलं, आणि जोडाच्या अगदी लगत, आतल्या बाजूला, काळ्या गोंदाचं पाच पाकळ्यांचं फूल उमटलं.

“हे काय केलंत!” दंतवैद्य किंचाळले.

“अगं बाई!” आत्या म्हणाली. तिलाच आत्ता दिसलं होतं. “हातानेच केलं गं ते, मी नाही केलं.”

“पुसू?” मी म्हणाले.

“हात लावू नका!” काचवाला गरजला. “पुसायला जाल तर धार फाटेल. काच घ्या, काच!”

काचेला हवेने घट्ट धरणारे रबरी हँडल होते. दोन मी धरले, दोन दंतवैद्यांनी, आणि काचवाला डाव्या हाताने “मागे, जरा मागे, थांबा, सोडा!” करत राहिला. काच अलगद बसली. आत्याने तळव्यांनी सगळीकडून दाबली आणि वरून चिकटपट्ट्या लावल्या. मी आत डोकावून पाहिलं. मागच्या कडेला काळा काठ ओलांडून ते फूल दबून पसरलं होतं, पाचही पाकळ्यांसकट.

“डाग आहे म्हणू,” आत्या म्हणाली. “कुणाला दिसतोय तिथे!”

निघताना काचवाल्याने बजावलं की खिडक्या बोटभर उघड्या ठेवा आणि दार आपटू नका, आतल्या हवेच्या धक्क्याने काच उचलली जाते. दंतवैद्यांनी बॉनेटवर थोपटून गाडीला सांगितलं, “दोन तास काही खायचं नाही.” आत्याने कागदावर ‘दार आपटू नये’ असं मोठ्या अक्षरांत लिहून चारही दारांवर लावलं आणि तरीही रात्रीपर्यंत सहा वेळा खाली जाऊन आली. शुक्रवारी आम्ही छतावर बादल्या ओतल्या. मी आत बसून होते. एक थेंबही आत आला नाही, आणि माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. का ते मला विचारू नका.

शनिवारी दवाखान्याच्या माणसांनी आतोबांना उचलून पाडलेल्या सीटवर निजवलं. त्यांचं डोकं मागच्या सीटपाशी, माझ्या गुडघ्यांजवळ आलं. ते खूपच वाळले होते. आत्याने दार असं लावलं की आवाजसुद्धा झाला नाही. ते लगेच म्हणाले, “दार आपटायची तुझी सवय कशी गेली?”

“शिकले,” आत्या म्हणाली आणि गाडी सुरू केली.

वर ढग होते, पांढरे, सावकाश सरकणारे. तारा गेल्या, झाडांचे शेंडे गेले, एक कबुतर आडवं गेलं. आतोबा काहीच बोलेनात. आत्या आरशातून माझ्याकडे बघत होती, आणि मला तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. ‘ठीक आहे’ म्हणाले तर काय करायचं, हेच आम्हा दोघींच्या मनात होतं.

मोठ्या चौकात लाल दिवा लागला. गाडी थांबली. आतोबांनी मान न हलवता डोळे तेवढे वर, मागच्या कडेकडे फिरवले, आणि तिथेच ठेवले.

“काच बदललीस,” ते म्हणाले.

आत्याने उगाच आरसा सरळ केला.

“गुरुवारी. मिक्सर.”

“अहो, तो डाग आहे नुसता,” आत्या घाईघाईने म्हणाली. “गोंद सांडला थोडा.”

“पाच पाकळ्यांचा?”

आत्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. आतोबांचा कंबरपट्टा हलायला लागला आणि मी घाबरून पुढे वाकले. ते हसत होते. हसताना पाठ दुखत होती म्हणून ‘आई गं’ म्हणत होते, आणि तरी हसत होते, आणि डोळ्यांच्या कडांमधून पाणी कानांकडे वाहत होतं. दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. आत्या समोर बघत होती, पण तिला काही दिसत असेल असं वाटत नव्हतं.

आतोबांनी हात लांब करून तिच्या कोपराला लावला.

“फूल आहे,” ते म्हणाले. “निघ.”