रिंक झाडायची पाळी

मंडळी, आज सकाळी आमच्या मुलांच्या रोलर फिगर स्केटिंग क्लबात दहा वर्षांची सानिया पडली. गिरकी घेताना चाकाखाली खडा आला. मनगट मोडलं.

सरावाआधी रिंक झाडायच्या पाळ्या आम्ही पालकांनीच वाटून घेतल्यात. झाडतात मात्र रोज सानियाचे वडील, सलीमभाई. आज दुकान लवकर उघडायचं म्हणून ते तिला सोडून लगेच गेले.

पोर कळवळत होती आणि एक सद्गृहस्थ विचारतात, "अहो, आज सलीमभाईंनी झाडलं नाही वाटतं?"

मी हातातला मोबाइल पर्समध्ये टाकला. आजची पाळी माझी होती. झाडायच्या वेळी मी माझ्या लेकीचे व्हिडिओ काढत होते.

आत्ता सलीमभाईंचा फोन आला. "ताई, काही दिवस यायला जमणार नाही. बाकीच्या मुलांसाठी तेवढं कुणी झाडेल ना?"

काय सांगू त्यांना?