चन्नप्पांची गाळणी

सोनपेठच्या बाजारात पंखे-मोटारी दुरुस्त करणारे चन्नप्पा संध्याकाळची लिंगपूजा आटोपली की माळवदावरच्या खोलीत रेडिओपुढे बसत, आणि मग जेवायला कितीही हाका मारा, त्यांना पत्ता नसे. सरकारी परवाना काढून हवेतून दूरदूरच्या माणसांशी गप्पा मारण्याचा नाद त्यांना तरुणपणापासूनचा. स्वतःच्या लेकीशी मात्र अबोला. त्रिवेणीनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा रागाच्या भरात "तोंड दाखवू नको" म्हणाले, आणि पोरगीही बापाच्याच वळणाची. तिनं खरंच दाखवलं नाही.

"ऐतवारी दिवस मावळायला ती तुमच्या रेडिवोवर येणार हाय," भाकरी वाढताना त्यांची बायको नागुबाई म्हणाल्या. "तिनं बी परीक्षा देऊन परवाना काढला म्हन. तुमच्याशी फोनवर न्हाई बोलायची, मला बजावून सांगितलंय."

चन्नप्पांचा घास हातातच राहिला. कोल्हापूरहून येणारा तिचा आवाज बारीक असणार, आणि संध्याकाळी जवळच्या मोठ्या केंद्रावरची भजनं नि बाजारभाव त्यांच्या रेडिओत नको तिथं मुसंडी मारत. म्हणून त्यांनी खपून एक गाळणी बांधली. तांब्याच्या तारेची गुंडाळी, जुन्या रेडिओतला केंद्र लावायचा गँग कंडेन्सर, वर एक नॉब. अँटेना आणि रेडिओच्या मध्ये ती बसवायची, नॉब हळूच फिरवायचा, की हवी तेवढीच लहर आत येते. पथ्य एकच: बोलण्याआधी तिला मधून काढायची. ऐकण्यापुरती केलेली नाजूक वस्तू ती, बोलण्याचा जोर तिला सोसत नाही.

ऐतवारी उन्हं उतरली. नॉब फिरला तशी भजनं विरली, बाजारभाव विरले, आणि अशी शांतता झाली की चन्नप्पांना वाटलं, आपण गोदावरीच्या वाळूत एकटेच उभे आहोत आणि पलीकडून कुणीतरी चालत येतंय. मग ती आली. आधी नियमानं सांकेतिक नाव, आणि मागून, "अप्पा, आयकू येतंय का? अप्पा?"

उभा जन्म रेडिओत घातलेला माणूस पथ्य विसरला. माइकचं बटण दाबून "आलं गं माय" म्हणाला, आणि गाळणीतून धुराची रेघ निघाली. सगळं मुकं झालं.

चन्नप्पांना रडू फुटलं. जळकी गाळणी उपटून त्यांनी अँटेना सरळ रेडिओला जोडली. भजनं, भाव, सगळा बाजार पुन्हा आत घुसला. त्यात लेक कुठंच ऐकू येईना. तरी त्यांनी बटण दाबलं. "त्रिवेणी, तुजा आवाज आला मला. आता काही आयकू येईना, पर तू बोलत ऱ्हा. मी चुकलो माय. घरी ये."

बटण सोडलं. नुसता गलका. डोळे मिटून ते त्यातच बसून राहिले, कारण त्याच्या तळाशी ती बोलत असणार होती.

दारात नागुबाई फोन घेऊन उभ्या होत्या. "घ्या," त्या म्हणाल्या. "रडायलीय. अप्पाला द्या म्हनायलीय."