कॅझिमिर स्टासियाकचा डावा हात

लिओना स्टासियाक आमच्या बेसबॉल इतिहास संशोधन मंडळाची सभासद झाली, ती छप्पन्नाव्या वर्षी. काचकारखान्याच्या आमच्या गावातल्या शाळेत तिने तीस वर्षे कारकुनी केली होती. वाचनालयाच्या तळघरात भरलेल्या पहिल्याच बैठकीत तिने विचारले, "सभासद होऊन मिळतं काय?"

चौऱ्याऐंशी वर्षांचे अध्यक्ष डेलमार हफ म्हणाले, "जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या मिळतात. शिवाय देशभरातली पाचशे माणसं, ज्यांना तुझ्या प्रश्नाशिवाय दुसरा उद्योग नाही. कॉफी मात्र भिकार आहे, ते आधीच सांगतो."

मंडळाची एक रीत आहे. प्रश्न कार्डावर लिहून पत्र्याच्या डब्यात टाकायचा. टाकलेले कार्ड मागे घेता येत नाही आणि ज्याचा प्रश्न, त्यानेच उत्तर बैठकीत वाचायचे. लिओनाने त्याच दिवशी कार्ड टाकले. १९३६ च्या कामगार दिनी तिच्या वडिलांनी, कॅझिमिरने, मारलेल्या होम रनमुळे कारखान्याचा संघ जिंकला होता. गावातल्या मैदानाला त्यांचे नाव होते. त्या विजयाच्या साठाव्या वर्षी तिथे नवी पाटी लागणार होती आणि तिला फक्त एवढेच हवे होते, की तो चेंडू टाकला कोणी?

सगळे हसले. इतका सोपा प्रश्न कोणी टाकत नसे.

तीन आठवड्यांत वेस्ट व्हर्जिनियातल्या टॅकेटबाई नावाच्या सभासदाकडून पार्सल आले. त्यांचे काका प्रतिस्पर्धी संघाचे गुणलेखक होते आणि त्यांची पेन्सिलीने भरलेली वही बाईंनी विश्वासाने पाठवली होती. चेंडू टाकणाऱ्याचे नाव लिओनाला मिनिटभरात सापडले. वही मिटताना तिची नजर फलंदाजांच्या नावांपुढच्या बारीक रकान्यावर गेली. डावखुऱ्यांपुढे काकांनी खूण केली होती. अठरा नावांत अशा खुणा दोनच, आणि त्यांतली एक 'स्टासियाक'पुढे.

तिचे वडील चमचा उजव्या हाताने धरत, हातोडी उजव्याने, आणि लहानपणी तिला बसलेली एकुलती एक थप्पडही उजव्याच हाताची होती.

गुणलेखक चुकला असेल, असे तिने स्वतःला बजावले. तरी त्या दिवसापासून ती मैदानावरून जायचे टाळू लागली. वही तिने पावाच्या डब्यात लपवली, मग पाव खाणेच सोडले. एक जुनी गोष्ट तिला आठवू लागली. वडिलांना कोणी त्या फटक्याबद्दल विचारले, की ते म्हणत, "चेंडू कोळशाच्या ढिगापलीकडे गेला." 'मी मारला' असे ते कधीच म्हणाले नव्हते. हा विनय आहे, असे तिने आयुष्यभर लोकांना सांगितले होते.

मग टॅकेटबाईंचे दुसरे पत्र आले. "एक गंमत सापडली! तुमचे वडील त्याच दुपारी आमच्या नदीकाठच्या गावातही खेळले. चारदा बॅट घेऊन उभे राहिले, चारदा हात हलवत परतले. एकच माणूस नव्वद मैलांवर दोन ठिकाणी कसा हो? मला चैन पडत नाही. लवकर कळवा." सोबत वर्तमानपत्राची छायाप्रत होती. त्या अनोळखी बाईच्या निर्मळ कुतूहलाचा लिओनाला जितका धाक वाटला, तितका कोणा शत्रूचाही वाटला नसता.

बैठकीच्या आदल्या दुपारी तिने वही टेबलावर उघडली आणि खोडरबर घेतला. दोनदा घासले. खूण पुसट झाली, इतक्या सहज की ती दचकली. हे इतके सोपे असेल, तर आजवर तिने छापील, लिखित, पाटीवर कोरलेले म्हणून ज्यावर विश्वास ठेवला, त्यातले काय काय असेच कोणाच्या तरी टेबलावर ठरले असेल? तिने हात मागे घेतला.

बैठकीला आम्ही सात जण होतो. तिने चेंडू टाकणाऱ्याचे नाव वाचले आणि ती थांबली. डेलमार तिच्याकडे पाहतच होते.

"झालं?" त्यांनी विचारले.

"नाही." तिने पुढचे सारे वाचले, डावखुरेपणाची खूण, नदीकाठचे गाव, चार रिकामे फेरे. मग चाचरत म्हणाली, "मला वाटतं, ते माझे वडील नव्हते."

"नव्हतेच," डेलमार म्हणाले. "एमिल ह्रुश्का होता. संपात पुढं होता म्हणून कारखान्यानं त्याला काढलेलं. संघात फक्त कामगारच चालायचे. तुझ्या बापानं त्याला आपलं नाव दिलं आणि स्वतः कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्या दिवसापुरता गावाबाहेर गेला. गेला तो गेला, तिथंही खेळल्याशिवाय राहवेना गाढवाला! बघायला आलेल्या सगळ्यांना माहीत होतं. मीही होतो तिथं."

"आणि तुम्ही साठ वर्षं गप्प?"

"कारखानदार होता तोवर भीतीनं. मग सवयीनं. आणि मग तू मोठी झालीस, पोरी."

"मी कार्ड टाकलं तेव्हा तरी बोलायचंत!"

"टाकलेलं कार्ड मागे घेता येतं का?"

ह्रुश्का पुढे शाळेत झाडू मारत असे. लिओनाच्या कचेरीतली केराची टोपली तो रोज संध्याकाळी रिकामी करी आणि तिला नावाने हाक मारी. हे तिला तिथे बसल्या बसल्या आठवले असावे, कारण तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

वही हातोहात फिरली. कोणीतरी विचारले, "इथं कागद खरवडलेला कसा?"

"ते मी केलं. काल," लिओना म्हणाली.

डेलमारनी डब्यातून तिचे कार्ड काढले आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. "मग तेही लिही. तारखेसकट. टॅकेटबाईंना कळायला हवं."

तिने आधी ह्रुश्काचे नाव लिहिले, मग खाडाखोडीची नोंद, आणि शेवटी सही. सहीतले 'स्टासियाक' हे आडनाव नीट लागतच नाही. ते कार्ड आजही डब्यात आहे. नवी पाटी त्या वर्षी लागली नाही.